जुना ॲम्प दुरुस्त करून नव्याशेजारी ठेवला, त्याची हकीकत

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये दोन ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी ठेवून आम्ही ऐकले. एक 1978 साली बाजारात आलेल्या मॉडेलचा, दुसरा भाच्याने गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेला. तिथवर पोचायला संक्रांतीपासून पुढचे सगळे महिने गेले. जुना ॲम्प माळ्यावर पडलाय, टाकवत नाही आणि प्लगमध्ये घालायची भीती वाटते, अशी बरीच घरं माझ्या माहितीत आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते, पैशांसकट.

ॲम्प माझ्या मामांचा, एनएडी 3020. मामा लीड्सला नोकरीत होते आणि 1983 साली परत येताना तो सोबत घेऊन आले. सहार विमानतळावर भरलेल्या कस्टम ड्युटीची पावती त्यांनी अजून फायलीत जपून ठेवली आहे. एनएडी ही 1972 साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी. 3020 ची रचना एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन इंजिनिअरची. चॅनेलमागे, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, फक्त 20 वॉट, दिसायला करडा आणि अगदी साधा, किंमत त्या काळच्या मानाने कमी. तरी तो जगभर प्रचंड खपला आणि त्याच्याबद्दल आजही लोक आदराने बोलतात. हा आदर आठवणींपोटी आहे की कानांना खरोखर काही ऐकू येतं, ते मला पाहायचं होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात दादरहून शिवनेरीने तो पुण्याला आणला. वजन जेमतेम पाच किलो. निघताना मामा म्हणाले, "अगं, डिकीत टाकू नकोस, मांडीवरच घे." तसाच आणला. घरी आल्यावर मात्र लगेच चालू केला नाही. मामांकडे शेवटची काही वर्षं तो बंदच होता. इतका काळ बंद असलेल्या ॲम्पला थेट 230 व्होल्ट देऊ नयेत. आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबीसारखे भाग, सुस्तावलेले असतात आणि कुठे शॉर्ट असेल तर पहिल्या सेकंदातच आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

त्याआधी मागची पट्टी वाचावी. आमच्यावर 240 व्होल्ट छापलेलं होतं, म्हणजे ब्रिटनसाठी बनवलेला सेट. इथे चालायला अडचण नाही. तुमच्याकडे जपानहून थेट आलेला सेट असेल तर तिथे 100 व्होल्ट लिहिलेलं असू शकतं. असा सेट आपल्या प्लगमध्ये घातला की संपला. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

मग सिरीज बोर्ड. कुठल्याही जुन्या इलेक्ट्रिशियनला हे ठाऊक असतं: फेजच्या वायरमध्ये एक फिलामेंटचा बल्ब मालिकेत जोडायचा आणि त्यातून ॲम्पला वीज द्यायची. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, तत्काळ बंद करायचं. इथे एलईडी बल्ब चालत नाही, आणि फिलामेंटचा 60 वॉटचा बल्ब आता सहज मिळत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने मागच्या फडताळातून एक शोधून दिला, 25 रुपयांना. मेन्सची वीज हाताळायची सवय नसेल तर एवढ्या कामापुरता इलेक्ट्रिशियन बोलवा. मी बोलावला, त्याने 300 रुपये घेतले आणि मला शांत झोप लागली.

बल्ब मंद झाला. स्पीकर न जोडता स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून पाहिला: उजवीकडे 18, डावीकडे 61. साधारण 50 च्या आत असेल तर निर्धास्त राहता येतं. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर अजिबात जोडू नयेत, कॉइल जळते. आमचं रीडिंग काठावरचं होतं, म्हणून एक जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावून ऐकलं. उजवं चॅनेल वाजत होतं. डावं वाजत होतं, पण गोधडीआडून आल्यासारखं. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर. आणि दोन्हीकडे अखंड घूंऽऽ असा हमिंगचा आवाज.

त्याच दिवशी भाच्याचा फोन आला. "मावशी, कशाला एवढा खटाटोप? माझा ॲम्प नऊ हजारांत आलाय आणि ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वॉट देतो." त्याच्या डब्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए 3255 ही चिप आहे. क्लास डी प्रकारची, म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघड-बंद होतात आणि पुढचा फिल्टर त्यातून संगीत वेगळं काढतो. उष्णता फार थोडी निघते, म्हणून डबा लहान. त्याचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. मी त्याला म्हटलं, मे महिन्यात सुट्टीला येशील तेव्हा तुझा डबा घेऊन ये, दोन्ही ऐकू.

आता दुरुस्ती. पहिल्यांदा एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी मॉडेलचं नाव ऐकूनच नाही म्हटलं. एका दुकानात 1,500 रुपयांत भंगार म्हणून विकत घ्यायची तयारी दाखवली. शेवटी तपकीर गल्लीत, जिथे पुण्यातली निम्मी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे विचारत विचारत एका जुन्या मेकॅनिक काकांचा पत्ता मिळाला. रस्त्यावर दुकान नाही, जिना चढून वर एक खोली. भिंतीला टेकून रचलेले रेकॉर्ड प्लेयर, टेपडेक आणि पब्लिक ॲड्रेसचे ॲम्प. काकांनी आमच्या सेटचा पत्रा काढला आणि काही न बोलता बराच वेळ टॉर्च मारून पाहत राहिले.

मीही वाकून पाहिलं. बोर्डावर करड्या धुळीचा सारखा थर. दोन मोठ्या फिल्टर कंडेन्सरचं प्लास्टिकचं वेष्टन आक्रसून मागे सरकलेलं, वर ॲल्युमिनियमची कड उघडी पडलेली. हीटसिंकजवळ एका रेझिस्टन्सखाली बोर्ड तपकिरी झालेला. काकांनी लाकडी काडीने एका सॉकेटला हलकेच दाबलं, आणि सॉकेटच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग उघडली-मिटली. "ड्राय सोल्डर," ते म्हणाले, म्हणजे सुटत आलेला जोड. "डाव्या बाजूची अर्धी तक्रार इथेच आहे, ताई. बाकी अर्धी कंडेन्सरची."

त्यांनी समजावलं ते असं. ॲम्पमधले ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर नीट वापरले तर चाळीस-पन्नास वर्षं सहज टिकतात. म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, कारण त्यांच्या आत द्रव असतो आणि तो हळूहळू वाळतो. फिल्टर कंडेन्सर वाळला की वीजपुरवठ्यातली लहर गाळली जात नाही, तेच ते हमिंग. सिग्नलच्या वाटेवरचा कंडेन्सर वाळला की आवाज बुळबुळीत, अंधूक होतो. उष्णतेने हे लवकर होतं. तापमान 10 अंशांनी कमी झालं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून ॲम्पच्या डोक्यावर डीव्हीडी प्लेयर, वर्तमानपत्रं, फुलदाणी काही ठेवू नका.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुना ॲम्प आणि नवा ॲम्प अशी तुलना लोक करतात तेव्हा बहुतेक वेळा तुलना होते ती वाळलेल्या कंडेन्सरच्या ॲम्पची आणि नव्याची. डावं चॅनेल तसं अंधूक वाजत असताना आमच्याकडे आलेले एक पाहुणे म्हणाले होते, "काय गोड वाजतो हो, जुन्या वस्तूची ऊब वेगळीच!" ती ऊब म्हणजे निकामी होत आलेला सुटा भाग होता.

काकांनी मजुरी 2,800 सांगितली आणि एक अट घातली: कंडेन्सर ते सांगतील त्याच प्रकारचे आणि खात्रीच्या विक्रेत्याकडून आणायचे. बाजारात डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे. मोठ्या कवचात लहान कंडेन्सर घातलेला त्यांनी मला कापून दाखवला. तीच गत 2एन3055 ट्रान्झिस्टरची. या सेटमध्ये आउटपुटला 2एन3055 आणि त्याचा जोडीदार एमजे2955 आहेत, आणि नकली 2एन3055 तर गल्लीबोळात मिळतो. आमचे मूळचे चारही ट्रान्झिस्टर शाबूत होते. "हे मी बदलणार नाही, तुम्ही सांगितलं तरी नाही," असं काकांनी बजावलं. चांगला मेकॅनिक ओळखायचा असेल तर तो काय बदलायचं नाही म्हणतो ते ऐकावं.

यादी घेताना तीन गोष्टी लिहून घ्या: मायक्रोफॅरड (कंडेन्सरची साठवणक्षमता), व्होल्टेज आणि पायांमधलं अंतर. व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त चालतं, कमी चालत नाही. तापमान 85 ऐवजी 105 अंशांचं घ्यावं. आजचे कंडेन्सर त्याच मूल्याचे असूनही आकाराने बरेच लहान असतात, त्यामुळे उंची अडत नाही, पण पायांचं अंतर जमलं नाही तर बोर्डावर ते तिरपे उभे राहतात.

बरेचसे भाग भारतातल्याच एका मोठ्या वितरकाकडे मिळाले. मोठे फिल्टर कंडेन्सर मात्र परदेशातून येणार होते, आणि इथे कागदपत्रं सुरू झाली. ऑर्डर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दिली. वितरकाने वापर कशासाठी याचं एक घोषणापत्र भरून घेतलं. मी 'वैयक्तिक वापर, घरगुती उपकरणाची दुरुस्ती' असं लिहिलं. पार्सल मुंबईत पोचल्यावर कुरिअरचा संदेश आला की केवायसी अपूर्ण आहे. व्यक्तीच्या नावे माल येत असेल तर आधार किंवा पासपोर्टसारखं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करावा लागतो. माझा आधारवरचा पत्ता जुन्या घराचा, माल नव्या पत्त्यावर, म्हणून वीजबिल जोडायला सांगितलं. वीजबिल यजमानांच्या नावे. मग त्यांचं पत्र आणि त्यांचं आधार. मधे शनिवार-रविवार आणि होळीची सुट्टी. त्या काळात ट्रॅकिंगचं पान उघडायचं आणि तोच 'होल्ड' बघायचा, हे माझं सकाळचं काम झालं होतं, आणि खरंच रडकुंडीला आल्यासारखं वाटायचं.

सुटका झाली तेव्हा पावती नीट वाचली. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं वर्गीकरण 8532 22 या शीर्षाखाली होतं, मूळ सीमाशुल्क शून्य आणि आयजीएसटी 18 टक्के. त्यावर कुरिअरचा स्वतःचा हाताळणी आकार. मालाची किंमत 1,640 आणि कर, आकार धरून शेवटी 2,390 पडले. तुम्ही मागवणार असाल तर ऑर्डर देण्याआधीच ज्या पत्त्याचा पुरावा तुमच्या स्वतःच्या नावे आहे तोच पत्ता द्या, आणि संदेशातली लिंक उघडण्याआधी ती खरोखर त्या कुरिअरच्या संकेतस्थळाची आहे ना ते पाहा. कस्टमच्या नावाने पैसे मागणारे खोटे संदेशही याच वाटेने येतात.

पाडवा झाल्यावर काकांनी काम हाती घेतलं. त्यांच्याकडे रांग होती, त्यामुळे एप्रिल संपत आला. मी मधूनमधून जाऊन बसायचे, त्यांनी बसू दिलं. कंडेन्सर एकेक करून बदलले, एकदम सगळे काढले नाहीत. उलटा बसला तर तो फुटतो, आणि एकेक काढला की मूळची धन-ऋण खूण समोर राहते. सॉकेटचे आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टरचे जोड नव्याने सोल्डर केले. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटमध्ये (फिरवायच्या बटणामागच्या भागात) इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती पुन्हा पुन्हा इकडून तिकडे फिरवली. गंज काढायचा घरगुती स्प्रे इथे वापरू नये, असं ते दोनदा म्हणाले. खरखर तिथल्या तिथे गेली. बायसचे, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा थोडासा करंट ठरवणारे, जुने उघडे प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे छोटे भाग) काढून बंद प्रकारचे नवे बसवले. हे एवढ्यासाठी, की जुन्या प्रीसेटचा संपर्क एखाद्या दिवशी सुटला तर आउटपुट ट्रान्झिस्टरमधून भलताच करंट वाहायला लागतो आणि ते तापून जातात. मग सिरीज बोर्डावर चालू करून, ॲम्प गरम होऊ देऊन, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मिलिव्होल्ट जुळवले. स्पीकर टर्मिनलवरचा डीसी आता 9 आणि 12.

एक खूण या मॉडेलच्या मालकांसाठी. मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन, म्हणजे ॲम्पचा आधीचा आणि ताकद देणारा विभाग, यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या छोट्या धातूच्या पट्ट्या असतात. घर बदलताना त्या पडल्या तर ॲम्प पूर्ण मुका होतो आणि लोक तो गेला समजतात. साधी आरसीए केबल लावूनही काम चालतं.

एकूण खर्च: मजुरी 2,800, देशातले भाग 1,150, परदेशातले 2,390, इलेक्ट्रिशियन आणि किरकोळ धरून सात हजारांच्या आसपास. म्हणजे नव्या ॲम्पपेक्षा फार स्वस्त पडत नाही. केवळ पैसे वाचवायचे असतील तर ही वाट धरू नका.

मामा मे महिन्यात पुण्याला आले, भाचाही आला. आता तुलना. इथे मी थोडी तयारी केली होती, कारण नुसतं आधी हा लावला, मग तो लावला, असं करून काहीच कळत नाही. कान आवाजाच्या पातळीला फार भुलतात. एखादा ॲम्प अर्धा-एक डेसिबलने मोठा वाजत असेल तर तो 'मोठा' न वाटता 'चांगला', 'मोकळा', 'स्पष्ट' वाटतो. म्हणून दोघांची पातळी व्होल्टमध्ये जुळवायची. लॅपटॉपवरून 400 हर्ट्झचा सलग सूर लावला, स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर एसीवर ठेवला आणि दोन्हींचं रीडिंग 2 व्होल्टवर आणलं. एक टक्क्याच्या आत जुळलं की फरक 0.1 डेसिबलच्याही खाली येतो. बटणाने इतकं बारीक जमत नाही, शेवटचा केसभर फरक भाच्याने लॅपटॉपवर काढला.

जुन्या ॲम्पच्या बाबतीत आणखी एक. आजचा डॅक (डिजिटल गाणं ॲम्पला देण्याजोग्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा) किंवा सीडी प्लेयर 2 व्होल्ट सोडतो. त्या काळचे ॲम्प साधारण दीडशे-दोनशे मिलिव्होल्टवर पूर्ण ताकद देण्यासाठी बनलेले. त्यामुळे बटण आठ-नऊच्या काट्यावर येतानाच आवाज मोठा होतो, आणि त्या टोकाला जुन्या पॉटचं डावं-उजवं सारखं नसतं. लोकांना वाटतं ॲम्प बिघडला. डॅकची पातळी खाली आणून बटण अकराच्या आसपास ठेवलं की दोन्ही बाजू सारख्या होतात.

एका स्पीकर जोडीला दोन ॲम्प आलटून पालटून जोडायचे तर स्विच लागतो, आणि इथे मनापासून सावध करते. क्लास डीच्या या डब्यांमध्ये स्पीकरचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. लाल आणि काळं दोन्हींवर सिग्नल असतो. बाजारातल्या अनेक स्वस्त सिलेक्टर बॉक्समध्ये काळ्या वायरी आत एकत्र जोडलेल्या असतात. तसा बॉक्स वापरला तर ॲम्प जळू शकतो. चारही वायरी वेगवेगळ्या बदलणारा, मधे पूर्ण बंद होणारा चार पोलचा स्विच घ्यावा. काकांनी तो एका लाकडी खोक्यात बसवून दिला, 450 रुपयांत.

टोन कंट्रोल मध्यावर, लाउडनेसचं बटण बंद. दोन्ही ॲम्प चादरीआड. नाणं उडवून कोणता लावायचा ते भाच्याने ठरवायचं, ऐकणाऱ्याने वहीत लिहायचं. ऐकायला यजमान, मी, मामा आणि शेजारच्या गायन शिकवणाऱ्या बाई. निवडलेली ध्वनिमुद्रणं अशी: तंबोऱ्यांनी सुरू होणारा एक विलंबित ख्याल, एकल तबला, एक बासरी, आणि एक जुनं मराठी भावगीत.

तंबोरा यासाठी उत्तम. चार तारांचा झंकार आणि जवारी सतत चालू असते, बाकी काही हलत नाही, त्यामुळे स्विच फिरवल्यावर बारकासा बदलही पकडता यावा. मी डोळे मिटून जवारीच्या त्या भुंग्यावर लक्ष ठेवलं. स्विच फिरला, मधे क्षणाची शांतता, पुन्हा तोच भुंगा. कोणता होता? मनात खात्री वाटायची आणि वही तपासली की खात्री चुकलेली निघायची. यजमानांचं तेच, मामांचंही तेच. छापा-काट्याने लिहिलं असतं तर इतकंच जुळलं असतं. बाईंनी मात्र बासरीच्या एका मुद्रणात बऱ्याचदा बरोबर ओळखलं. त्या म्हणाल्या, वरच्या फुंकरीत एकात थोडी जास्त धार आहे. ते शक्य आहे. क्लास डीच्या साध्या रचनांमध्ये आउटपुटचा फिल्टर फीडबॅकच्या (ॲम्प स्वतःची चूक सुधारतो त्या फेरीच्या) बाहेर राहतो, आणि मग सर्वांत वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या इम्पीडन्सनुसार, म्हणजे तो विजेला किती विरोध करतो त्यानुसार, किंचित वरखाली होतो. कुठला बरोबर, हे बाईंनाही सांगता येईना. दोन्ही चालतील, म्हणाल्या.

हे काही आमच्या घरचं नवल नाही. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने 1978 साली अशीच चाचणी घडवून आणली होती, तिचा वृत्तान्त त्या वर्षीच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आला. 1953 चा व्हॉल्व्हचा क्वाड टू, 1967 चा ट्रान्झिस्टरचा 303 आणि तेव्हा नवा असलेला 405, तिन्हींची पातळी जुळवून जाणकार श्रोत्यांना ऐकवले. न बघता कोणता कोणता, हे त्यांना खात्रीने सांगता आलं नाही. म्हणजे 3020 बाजारात आला त्याच वर्षी हा प्रश्न बराचसा सुटलेला होता: ॲम्प तब्येतीने ठणठणीत असेल आणि त्याच्या ताकदीच्या आत वाजवला तर तो आपली छाप आवाजावर फारशी पाडत नाही.

ताकदीच्या आत, हे शब्द तबल्याने ऐकवले. भाच्याने आवाज वाढवत नेला. एनएडीच्या समोरचे पाच छोटे दिवे एकेक करून पेटत गेले, शेवटचा लागायला लागला, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याची पोकळी जायला लागली. त्याच्या मागे सॉफ्ट क्लिपिंगचं बटण आहे; ते दाबलं की अतिरेकी ठोका फाटत नाही, गोलावतो. तरी मर्यादा ती मर्यादाच. नवा डबा त्याच पातळीवर निवांत होता. आमचे स्पीकर 1 वॉटला एक मीटरवर 86 डेसिबल देतात. 20 वॉटला हिशेबाने 99. ख्यालाला हे भरपूर आहे, आमच्या 12 बाय 14 च्या हॉलमध्ये तर नक्कीच. मोठी खोली, कमी संवेदनशील स्पीकर आणि जोरकस ताल असेल तर जास्त वॉटचा नवा ॲम्प घ्यावा, त्यात दुमत नको.

शांततेतही नवा पुढे आहे. गाणं थांबवून ट्वीटरला (स्पीकरमधल्या तार आवाजाच्या छोट्या भागाला) कान लावला तर एनएडीमधून बारीक सूं ऐकू येतं, नव्यातून जवळजवळ काहीच नाही. खुर्चीत बसल्यावर दोन्ही गप्प.

मग मामांनी लाउडनेस दाबायला सांगितलं. ते बटण त्यांच्या घरी कायम दाबलेलं असायचं. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं आहे; हे बटण ती तूट भरून काढतं. आवाज रात्रीच्या बेताचा केला आणि चादर तशीच ठेवून पुन्हा ऐकलं. आता प्रत्येकाने प्रत्येक वेळी ओळखलं, आणि भाच्यासकट सगळ्यांनी एनएडीच निवडला. नव्या डब्यावर फक्त व्हॉल्यूमचं एक बटण आहे. फ्लॅटमध्ये रात्री साडेदहानंतर हळू ऐकणाऱ्याला खर्ज वाढवायची सोय हवीच असते, आणि ती बटणं आजच्या बऱ्याच लहान ॲम्पवरून काढून टाकली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवा घेणार असाल तर टोन कंट्रोल असलेलाच घ्या. थोडे जास्त पैसे पडले तरी.

एनएडी आता रोज वाजतो. त्याचा फोनो विभाग, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरची बाजू, अजून तपासायची आहे. प्लेयरचा बेल्ट यायचाय. कुणाकडे कोलकात्याच्या सोनोडाइनचा किंवा त्या काळातला दुसरा देशी ॲम्प असेल तर तुमचं काम माझ्याहून सोपं आहे: व्होल्टेजचा प्रश्न नाही आणि भाग बहुतेक इथलेच. मात्र त्याच्यासोबतचे जुने स्पीकर असतील तर ॲम्पवर खर्च करण्याआधी जाळी काढून कोनच्या कडेचा फोम पाहा. तो पंधरा-वीस वर्षांत आपोआप कुजतो. बोट हलकेच लावल्यावर भुगा पडला तर आधी कडा नव्या बसवून घ्या, आमच्याकडे जोडीचे 1,600 सांगितले आहेत. कडा रबराची असेल तर बहुधा तिला काही झालेलं नसतं.